हातचे

थांब्याच्या पत्र्यावर कालच्या बर्फाची किनार.
मी काउंटी काउन्सिलची माणूस, फळीला कागद अडकवून
एकसष्ट नंबरच्या बसची वाट पाहतेय.
डरॅमच्या या डोंगराळ खोऱ्यात ती किती दिवस धावणार
ते माझ्या तक्त्यावर आहे.

तक्त्यात तीन रकाने:
बस आहे तशी राहू द्या,
किंवा फोन केला की येईल अशी व्हॅन,
किंवा टॅक्सीची कुपनं वाटा आणि मोकळे व्हा.
फेरीमागे प्रवासी सरासरी पाच पूर्णांक चार.
ते चार दशांश माणूस कुठल्या थांब्यावर उतरतं
कुणालाच ठाऊक नाही.

ऑफिसात नीलनं समजावलं होतं:
कामावर जाणाऱ्याचं मिनिट महाग, निवृत्ताचं स्वस्त.
मी मान डोलावली.
आमच्या मंडईत टोमॅटोचंही असंच,
सकाळी एक भाव, दिवेलागणीला दुसरा.

बस आली. ड्रायव्हर गॅरी टीसडेल.
डोरीन रेन चढल्या: काठी, पिशवी, मग उरलेला पाय.
त्या टेकेपर्यंत गाडी हलली नाही.
चाळीस सेकंद.
आमच्याकडे याला विलंब म्हणतात.

पुढं कॅलम, कॉलेजला निघालेला, कानांत बोंडं.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून तेंदाई,
बसल्या बसल्या काचेला डोकं टेकून झोपली;
तिचा थांबा आला की गॅरीच हाक मारतो.
शिवाय दोघं, नाव सांगायला नाखूश.

‘प्रवासाचा उद्देश?’ मी डोरीनना विचारलं.
‘शेवटपर्यंत जाते आणि परत येते, पोरी.
इथं हीटर असतो.’
चौकटी होत्या दवाखाना, खरेदी, शिक्षण, इतर.
मी ‘इतर’वर खूण केली.
केवढं मोठं गाव आहे हे, इतर!

व्हॅनला आदल्या दिवशी बाराच्या आत कळवायचं.
म्हणजे गुरुवारी दुखणाऱ्या गुडघ्यानं
बुधवारीच तसं सांगून ठेवायला हवं.

चढावरच्या एकुलत्या घरापाशी गॅरीनं हॉर्न दिला.
पडदा हलला.
‘आर्नल्ड,’ तो म्हणाला. ‘नाही हलला
तर मी खाली दुकानात सांगतो.’
असं किती वेळा झालं?
‘दोनदा. त्यातलं एकदा वेळेत.’

शाळेत बाई खडू आपटायच्या: हातचा विसरलीस!
बेरीज चुकली की हातचाच राहिलेला असे,
वरच्या कोपऱ्यात, बारीक, पेन्सिलीनं लिहिलेला.

खोटं कशाला बोलू, बसचीही उधारी आहेच.
संध्याकाळची सातची फेरी
तीस रिकाम्या खुर्च्या आणि दिवे घेऊन घाट चढते,
डिझेल पीत, मेंढ्यांना प्रकाश दाखवत.
त्यापेक्षा व्हॅन बरी, हे मी लाल शाईनं लिहिलंय.
आणि दारोदारच्या गाड्या?
आपला धूर दुसऱ्याच्या पोराच्या छातीत ठेवून जातात,
पावती देत नाहीत.
वळणावर कुंपणाला बांधलेली फुलं सुकलीत.
मरणाला मात्र सरकारी आकडा आहे,
स्वल्पविरामांसकट.
मी तो वापरते. वापरला की हात धुवावेसे वाटतात.

दुपारी डेपोपाशी ठेवलेली माझी गाडी काढली.
पाच जागा, एक मी.
एकसष्ट पुढं रेंगाळत होती, मागं टाकली.
तीन मिनिटं वाचली, माझी, म्हणजे महागातली.
आरशात पाहिलं तर ती उभीच,
बहुतेक कुणीतरी बसेपर्यंत.

सोमवारी नीलनं तक्ता तपासला.
‘या फेरीला सहा? नावं पाचच आहेत.
सहावा कोण?’
हातचा, म्हटलं.
मराठीतच म्हटलं.